पिवळ्या पट्ट्याला मीठ कमी पडलं

बलभीमरावांना राग यायला कारण लागत नसे. आधी राग यायचा, कारण मागाहून सापडायचं. ढोकीजवळच्या एका साखर कारखान्यात ते टाइम ऑफिसला होते. कोण वेळेवर आला आणि कोण उशिरा, हे बघणं त्यांचं काम, त्यामुळं उशीर म्हटला की त्यांच्या डोक्यात सणक जायची. भात शिजायला वेळ लागला की ते कुकरवर चिडत. एसटी उशिरा आली की एसटीवर चिडत, आणि वेळेवर आली तर रोज अशी का येत नाही म्हणून चिडत. असा माणूस ज्युदोच्या वाटेला जायला नको होता, पण गेला.

झालं असं. त्यांची थोरली लेक राजनंदिनी धाराशिवला हॉस्टेलवर राहून कॉलेज करायची आणि संध्याकाळी ज्युदो शिकायची. इकडं भावकीतल्या रणधीरच्या पोरानं, शंभूनं, कुठल्याशा कराटे क्लासातून वर्षाच्या आत काळा पट्टा आणला होता. रणधीरनं तो फोटो मोबाइलवर स्टेटसला ठेवला तो काढायलाच तयार नाही. वर गावातल्या हॉटेलात, चारचौघांत, चहा बशीत ओतता ओतता त्यानं विचारलं, "दादा, आपल्या नंदिनीचा काळा पट्टा कधी म्हणायचा?"

"जत्रेला," बलभीमराव म्हणाले.

हा एवढाच शब्द. तो त्यांनी चहाबरोबर गिळला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. (पण बलभीमरावांनी आयुष्यात गिळला तो फक्त चहा.) दोन दिवसांत गावातल्या पोरांनी फाट्यावर फ्लेक्स लावला. राजनंदिनीचा फोटो, खाली वाघ, आणि ब्लॅक बेल्ट मिळाल्याबद्दल समस्त ग्रामस्थांकडून अभिनंदन. जत्रा कमिटीनं सत्कारही ठरवून टाकला, कुस्त्यांच्या फडात, पहिली कुस्ती लागायच्या आधी. आता माघार घ्यायची म्हणजे रणधीरसमोर मान खाली घालायची. त्यापेक्षा गाव सोडलेलं बरं, असं बलभीमरावांना वाटलं.

म्हणून ते रजा टाकून धाराशिवला गेले, थेट ज्युदोच्या हॉलवर. राजनंदिनी तेव्हा कॉलेजात होती. शांतलिंग सर गाद्या झाडत होते.

"काळा पट्टा किती दिवसांत देता?" चप्पल काढायच्या आधीच बलभीमरावांनी विचारलं.

"दिवसांत नाही हो, वर्षांत," सर म्हणाले. "पाच-सहा वर्षं धरा. कुणाला जास्त लागतात. ते माणसामाणसावर असतं. रोज यायचं, घाम गाळायचा, घाई करायची नाही."

"पाच-सहा वर्षं? अवो, आडसाली ऊससुदिक दीड वर्षात कारखान्यावर जातो. तुमी काय लावलंय, आमराई?"

"पांढरा, पिवळा, केशरी, हिरवा, निळा, तपकिरी, मग काळा. तुमच्या मुलीनं पिवळा मिळवलाय. चांगला मिळवलाय."

"मग इतके दिवस शिकवलं काय तिला?"

"पडायला."

बलभीमरावांचे शब्द तोंडातच एकमेकांवर आदळले. रागाला गर्दी झाली की त्यांचं असं व्हायचं. "पडायला? पडायला क्लास लागतो व्हय? आमच्या गावात माणसं फुकट पडतेत."

"पडतात हो," सर शांतपणे म्हणाले, "पण लागतं त्यांना."

शांत माणसाचा बलभीमरावांना विशेष राग होता. ते तसेच फिरले आणि एसटीत बसले. वाटेत त्यांनी ज्युदोला शिव्या घातल्या, सरांना घातल्या, सात रंग काढणाऱ्याला घातल्या. आणि रंगांचा विचार करता करता त्यांना ते सुचलं.

राजनंदिनी गेल्या खेपेला ड्रेसची बॅग धुवायला म्हणून घरीच ठेवून गेली होती. पट्टा त्यातच होता, पिवळाधमक. बलभीमरावांनी बाजारातून कापड रंगवायची काळ्या रंगाची पुडी आणली, बायकोचं कुरडयांचं पातेलं चुलीवर चढवलं आणि पट्टा आत सोडला.

दैवशालाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. नवऱ्यापेक्षा पातेल्याकडं बघून त्यांचा जीव जास्त तुटला. "ह्ये काय चाललंय?"

"दिसतंय ना."

"पोरीला इचारलं का?"

"तिला काय इचारायचं? तिच्याचसाठी करायलोय."

"मंग मीठ तरी घाला मूठभर. मिठाबिगर रंग धरत न्हाय."

"मला शिकवू नको. म्या काय वरण करायलोय का?"

दैवशालाबाई आत गेल्या. (मीठ आतच होतं. ते देण्याइतका त्यांचाही राग निवला नव्हता.)

पट्टा काळा झाला, अगदी शंभूच्या पट्ट्यापेक्षा काळा. वाळला मात्र नाही. ज्युदोचा पट्टा म्हणजे जाड घड्यांचा, त्यात आभाळ भरून आलेलं. जत्रेच्या दुपारीसुद्धा तो हाताला गार लागत होता.

त्या दुपारी राजनंदिनी एसटीतून फाट्यावर उतरली ती स्वतःच्याच फोटोसमोर. खालचा मजकूर तिनं वाचला, वाघाकडं बघितलं आणि तरातरा घरी आली.

"आप्पा, माझा पट्टा कुठंय?"

बलभीमरावांनी पाठीमागं धरलेलं काळं वेटोळं पुढं केलं. तिनं ते हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं, शिवणीत अडकलेला पिवळा दोरा नखानं उचकला.

"एकदा घाल," बलभीमराव म्हणाले. "बापाच्या इज्जतीचा सवाल हाय."

"घालते," ती म्हणाली.

बलभीमरावांना हायसं वाटलं. लेक कुणावर गेली आहे याचा त्यांनी त्या क्षणी विचार करायला हवा होता, पण घाईत राहून गेला.

फडात तांबडी माती भिजवून मऊ केली होती. हलगी कडकडत होती. पांढरा जाड ड्रेस आणि काळा पट्टा घालून राजनंदिनी उभी राहिली तेव्हा माणसं टाचा उंचावून बघायला लागली. शाल झाली, नारळ झाला, बलभीमरावांना फेटा बांधून झाला. रणधीरचं तोंड बघून बलभीमरावांना जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात रणधीरनंच माइक घेतला.

"एवढा काळा पट्टा मिळवलाय, तर एक डाव दावायला पायजे का न्हाय?"

पब्लिक ओरडलं, पायजे. पण पोरीबरोबर मातीत उतरायला कुणी तयार होईना. पडलं तर लाज, पाडलं तर त्याहून लाज.

"बापच उतरंल की," रणधीर म्हणाला. "दादा, का भ्या वाटतंय?"

भ्या हा शब्द ऐकला आणि बलभीमराव फेट्यासकट मातीत उतरले. जवळ जाऊन ते दातओठ खात कुजबुजले, "हळू घे. म्या आपसूक पडतो."

"तुमाला पडता येत न्हाय, आप्पा. त्ये शिकावं लागतं."

बलभीमरावांना तिथंही राग आला. कुठं धरायचं ते माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी दोन्ही मुठींत तिचा पट्टाच आवळला.

"आप्पा, पट्टा सोडा."

"न्हाय सोडत."

मग त्यांना आभाळ दिसलं. मधलं काही त्यांना आजतागायत आठवत नाही. पाठ भदकन मातीला लागली, फेटा प्रेक्षकांत गेला आणि हलगीवाल्यानं सवयीनं निकालाची हलगी वाजवली. बलभीमराव कण्हत उठून बसले, कपाळावरचा घाम दोन्ही हातांनी निपटला, गालावरची माती पुसली आणि ताठ मानेनं रणधीरकडं बघितलं.

फडातली पहिली रांग आधी पुढं वाकली. मग हसण्याचा जो लोंढा आला त्यात हलगी ऐकू येईना. बलभीमराव कपाळापासून हनुवटीपर्यंत काळे झाले होते, आणि पोरीच्या पट्ट्यावर दोन मुठींएवढा पिवळा डाग उजळला होता.

राजनंदिनीनं रणधीरच्या हातातून माइक घेतला. "माझा पट्टा पिवळा हाय. त्यो मिळवताना म्या किती आपटले, खांदा सुजला तरी परीक्षा दिली, ह्ये घरात कुणी इचारलं न्हाय. पिवळा माझा हाय आन् मला त्याची लाज न्हाय. हा वरचा काळा आप्पांनी मिळवलाय. सत्कार त्यांचा करा."

एवढं बोलून ती फडातून निघून गेली. आता टाळ्या खरोखरच्या पडल्या, आणि सगळ्यात आधी उठून वाजवल्या त्या दैवशालाबाईंनी.

बलभीमराव मातीतच बसून राहिले. आधी त्यांना रणधीरचा राग आला, मग मातीचा, मग रंगाच्या पुडीचा. राग येण्यासारखं आणखी कुणी शिल्लक आहे का हे बघता बघता ते स्वतःपाशी आले. सुजलेल्या खांद्याचं त्यांनी खरंच कधी विचारलं नव्हतं.

कापडावर न बसलेला तो रंग बलभीमरावांवर मात्र मिठाशिवाय पक्का बसला. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं. सोमवारी ते कामावर गेले तर चेहरा बघून हजेरी लावणारं टाइम ऑफिसचं मशीन त्यांना ओळखेना. माणूस मिळत नाही, असं ते खणखणीत आवाजात सांगत राहिलं. ज्यांच्या ज्यांच्या गैरहजेऱ्या बलभीमरावांनी लावल्या होत्या ते सगळे रांगेत मागं उभे होते आणि कुणालाच घाई नव्हती.

संध्याकाळी ते धाराशिवला हॉलवर गेले. या वेळी चप्पल बाहेर काढली. शांतलिंग सरांकडून नवा पिवळा पट्टा मागून घेतला आणि गादीवर उभ्या असलेल्या लेकीपुढं दोन्ही हातांनी धरला.

"चुकलं माझं," ते म्हणाले. हे वाक्य ते पहिल्यांदाच वापरत होते, त्यामुळं जरा अडखळत आलं. "खांदा बरा हाय का आता?"

"बरा हाय." तिनं पट्टा घेतला, कमरेला बांधला, गाठ ओढून घट्ट केली. राग तिच्या चेहऱ्यावरून निम्मा उतरला.

तेवढ्या आधारावर बलभीमरावांनी आवाज खाली आणून विचारलं, "आन् नंदे, ह्यो काळा जायला किती दिवस लागतील गं?"

राजनंदिनीनं सरांकडं बघितलं. सर खाली मान घालून गाद्या झाडायला लागले.

"त्ये माणसामाणसावर असतं, आप्पा," ती म्हणाली. "रोज घासायचं, घाम गाळायचा, घाई करायची न्हाय. आधी तपकिरी व्हाल."