कासवाने पाहिलेलं आभाळ

एका जंगलात, मुलांनो, उद्याच्या हवेपेक्षा कालच्या हवेला जास्त मान होता. का, ते मलाही नीट कळलेलं नाही. कालच्या हवेत कुणी भिजत नाही, म्हणून असेल बहुधा.

तिथल्या सिंहमहाराजांपुढे एकदा एक सशीण आली. दोन पावसाळ्यांत दोनदा तिचं नदीकाठचं बीळ वाहून गेलं होतं. पिल्लांना घेऊन टेकडीवर राहू द्या, एवढंच तिचं मागणं होतं. पण टेकडीवर महाराज दुपारची झोप घेत.

त्यांनी घुबडशास्त्र्यांना बोलावलं. आमच्या पणजोबांच्या काळी नदीकाठी वादळं होत होती का, ते शोधा म्हणाले. होत असतील तर सशांना वर घेऊ. नसतील तर सशांनी आहे तिथंच राहावं.

घुबडशास्त्री फार शिकलेले होते. त्यामुळे त्यांना कशाचीच खात्री नसे. त्यांनी गुहेतल्या एका कातळावर कोळशाने जुन्या दिवसांची हवा मांडायला घेतली. अलीकडची हवा घारीने सांगितली. ती उंचावरून सगळं जंगल एका नजरेत बघायची. त्याआधीची हवा कासवआजोबांनी सांगितली, कारण त्या काळातले तेवढेच शिल्लक होते. मधल्या रिकाम्या जागा शास्त्र्यांनी वाऱ्याच्या आणि ढगांच्या नियमांवरून हिशेब करून भरल्या.

चित्र पुरं झालं. घारीच्या काळात वादळंच वादळं. कासवआजोबांच्या काळात एकही नाही.

महाराज खूश झाले. पणजोबांचं राज्य सुखाचं होतं, जंगलाला दृष्ट लागली ती घारीची, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

शास्त्र्यांना मात्र चैन पडेना. ते तळ्यावर गेले. "कासवआजोबा, वादळ आलं की तुम्ही काय करायचात?"

"डोकं आत घ्यायचो," कासवआजोबा म्हणाले. "आत हवा छान असायची. तीच सांगितली तुला."

शास्त्री चाचरतच महाराजांकडे परतले. माझीही चूक असेल, म्हणाले, पण दोघांची बघायची रीत वेगळी आहे. रीत एक नसेल तर तुलना करता येत नाही.

महाराजांना हे एकदम पटलं.

"रीत एकच हवी," ते म्हणाले. "यापुढे आभाळ भरून आलं, की घारीनेही पंखात डोकं घालावं."

शास्त्र्यांना नेमकं उलटं म्हणायचं होतं. पण आपलंच काही चुकत असेल, असं वाटून ते गप्प बसले. घारीने आधी पाहिलेली वादळं नव्या रीतीत बसेनात, म्हणून तीही पुसली गेली. सशिणीने पुन्हा नदीकाठी बीळ खणलं.

पुढच्या पावसाळ्यात नदीने सगळा काठच नेला. चिखलाने माखलेली सशीण, पिल्लांना पुढे घालून, गुहेच्या दारात उभी राहिली. महाराजांची आयाळसुद्धा निथळत होती. काल हवा कशी होती, असं त्यांनी शास्त्र्यांना विचारलं.

शास्त्र्यांनी पंख झटकले. थोडं पाणी कातळावर उडालं. ते त्यांनी हळूच पुसलं.

"घारीने काही पाहिलं नाही, महाराज. आदल्या दिवसांवरून हिशेब केला तर... निरभ्र."

"ऐकलंस ना?" महाराज सशिणीला म्हणाले. "जा घरी."

सशीण कातळापाशी गेली. चित्रात नदी शहाण्यासारखी वाहत होती. काठावर तिचं बीळ होतं, जागच्या जागी, ठणठणीत कोरडं. तिने ते बराच वेळ पाहिलं.

"शास्त्रीबुवा," ती म्हणाली, "ह्यात आत शिरायचं कुठून, तेवढं दाखवा."

तात्पर्य: मुलांनो, घर बांधायचंच असेल, तर पणजोबांच्या काळात बांधा. तिथं अजून एकदाही पूर आलेला नाही.