कार्दित्साच्या मातुःश्रींनी रसद तोडिली त्याची हकीकत

वाचकांचा लोभ अखंड असो. अथेन्स मुक्कामी लेखिका पोलिक्सेनीबाई आणि कार्दित्सा ठाण्याच्या मातुःश्री एव्हान्थियाबाई, या मायलेकींत एका कादंबरीपायी जे तुंबळ जाहले, ते लोकांनी तिखटमीठ लावून सांगितले. सबब खरे काय ते येथे लिहिले असे.

पोलिक्सेनीबाईंनी जुन्या ग्रीक देवादिकांच्या कथेवर प्रेमकादंबरी रचिली. त्यात पाताळाचा राजा, पंख काळे, हनुवटी ऐसी की तीवर चीज किसावे, कामधंदा म्हणाल तर उसासे टाकणे; आणि त्याने पळविलेली धान्यदेवीची लेक. मूळ कथेत आई लेकीच्या विरहाने पृथ्वीवर दुष्काळ पाडिते, तेव्हा लेक निम्मे वर्ष माहेरी येते. परंतु प्रकाशक व्लासिस यांचे फर्मान सुटले की, वाचकांस आया खपत नाहीत, लेक बारमाही पाताळीच ठेवावी आणि आईस खाष्ट करावे. बाईंनी मान तुकविली, आणि मग खाष्टपणास नमुना पाहिजे म्हणून आपल्याच मातुःश्रींचा एप्रन, गालावरचा मस आणि पानोपानी "जेवलीस का?" हा सवाल देवीस बहाल केला; आणि वर शहाणपण ऐसे की, कच्ची प्रत कौतुकाने मातुःश्रींसच धाडिली!

मातुःश्रींनी चष्मा चढविला, ग्रंथ वाचिला, आणि रसद तोडिली. दर शुक्रवारी कार्दित्साहून बसच्या पोटातून खोके येई, त्यात पालक भरलेले खुसखुशीत पापुद्रे, द्राक्षपानांत गुंडाळिलेला भात, घरचे तेल आणि घरची अंडी. परगावी राहिलेली लेकरे त्या मुलुखी याच खोक्यांवर जगतात. त्या शुक्रवारी बाई बसतळावर उभ्या, आणि ड्रायव्हर म्हणतो, "आज तुझं काही नाही गं. आई बरी आहे ना?"

बाईंनी तडक घरी येऊन फोन लाविला. मातुःश्री कडाडल्या, "पुस्तकात मी दुष्काळ पाडते ना? मग घे दुष्काळ! तुझ्या त्या पंखवाल्याला म्हणावं, पाताळात कांदे पिकव."

"आई, ती तू नाहीस गं, ती देवी आहे!"

"देवीच्या गालावर माझा मस कसा उगवला? आणि काय गं, लेक बारा महिने तिकडंच? ईस्टरच्या सणाला तरी वर आणायचीस मेलीला!"

आणि मातुःश्रींनी हुंदक्यासरशी फोन आपटिला. बाई सुक्या पावासमोर बसून राहिल्या. याच पुस्तकापायी आपण किती ईस्टर घरी गेलो नाही, हे ध्यानी येऊन त्यांस स्वतःची लाज वाटली.

मग बाईंनी कंबर कसून प्रकाशकाच्या कचेरीवर चाल केली आणि बजाविले की, लेक वसंतात माहेरी जाईल, नाहीतर ग्रंथ परत द्यावा. व्लासिस खवळले, खप बुडेल म्हणून गरजले, आणि मग एकाएकी थबकले; कारण लेक माहेरी म्हणजे राजा विरहात, आणि राजा विरहात म्हणजे दुसरा भाग, तिसरा भाग! तत्क्षणी त्यांस मातृप्रेमाचा उमाळा आला आणि तह मंजूर जाहला.

बाईंनी ही वार्ता कार्दित्सास कळविली. मातुःश्री म्हणाल्या, "बरं झालं. पुस्तकातली आली वर. माझी कधी येणार?"

ईस्टरच्या आदल्या दिवशी बाई बसने निघाल्या आणि कार्दित्सास उतरल्या, तो मातुःश्री तळावर हजर. त्यांनी लेकीस आधी चारचौघांत फैलावर घेतले, मग उराशी धरिले, आणि दोघी भर रस्त्यात हमसून रडल्या. येणेप्रमाणे मातुःश्रींची फत्ते जाहली, लेक माहेरी दाखल जाहली, आणि मातुःश्रींनी तहात एक कलम आपल्या मुखे घातले, ते बाईंनी बिनशर्त कबूल केले: पुढल्या भागी जावयास रविवारी जेवावयास आणावे; पंख मात्र दाराबाहेर झटकावे.