एकमत होईपर्यंत

तीन खुर्च्या घरच्या होत्या. चौथी शेजारच्या काकूंकडून आणावी लागली, आणि ती जिन्यातून ओढत आणतानाच चिमणीच्या आईचं डोकं तापायला सुरुवात झाली. मंडळ यांचं, बैठक यांची, आणि खुर्च्या गोळा करायच्या आपण.

चिमणी साडेतीन वर्षांची होती आणि बोलत नव्हती. कान तिखट होते. आतल्या खोलीत बिस्किटाचा पुडा उघडला तरी बाई हजर. हवं ते बोट दाखवून मिळवायची, नाही मिळालं तर जमिनीवर लोळून मिळवायची. पण शब्द म्हणून एक फुटत नव्हता. वाचाउपचाराचा एक वर्ग गावात आहे असं आईला कळलं आणि तिची वणवण सुरू झाली. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, आधी बालवाडीचं मत घ्या. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, आम्ही कोण सांगणार, कुटुंब साहाय्य कार्यालयात जा. तिथले साहेब म्हणाले, छे, हा तर आरोग्याचा विषय. दोन फेऱ्या तिने निमूट मारल्या. तिसऱ्या फेरीत साहेबांच्या टेबलापाशी तिचा तोल गेला.

"माझी मुलगी बोलत नाही, ती लहान आहे," ती म्हणाली. "तुम्हाला काय झालंय? एकमेकांशी बोला की जरा."

हे तिने चिडून म्हटलं होतं. साहेबांनी ती सूचना म्हणून घेतली.

मग जे बोलणं सुरू झालं ते थांबेचना. संयुक्त मंडळ निघालं, साहेब त्याचे समन्वयक झाले. एक बैठक मंडळाचा उद्देश ठरवायला, एक मंडळाचं नाव ठरवायला. तेवढ्यात चिमणीला जुने बूट होईनासे झाले. आणि आज मंडळ कुटुंबाच्या दारी आलं होतं.

"आई, तुम्ही पण बसा ना," सिस्टर म्हणाल्या. आईच्याच घरात. हे सगळे तिला आई म्हणत, सिस्टर तर तिच्याहून वीस वर्षांनी मोठ्या होत्या.

साहेबांनी भलामोठा तक्ता टेबलावर पसरला. त्यात चौकोन होते, चौकोनांना जोडणारे बाण होते. चिमणी कुठेच नव्हती. "सगळ्यांनी फोन पिशवीत ठेवा आणि पिशव्या आत," साहेब म्हणाले. "लक्ष कुटुंबाकडे पाहिजे." आईने तिघांच्या पिशव्या, आपल्या फोनसकट, झोपायच्या खोलीत पलंगावर नेऊन ठेवल्या.

"वाचाउपचाराच्या बाई नाही आल्या?" तिने विचारलं.

"त्यांना इतक्यात नाही बोलवत," साहेब म्हणाले. "आधी आपलं एकमत. त्याशिवाय मूल तिकडे पाठवता येत नाही."

"पण एकमत कशावर? ती बोलत नाही, हे तुम्हा तिघांनाही दिसतंय."

"दिसणं वेगळं, आई, आणि एकमत वेगळं."

बालवाडीच्या बाईंनी विचारलं, चिमणीला भावंडं आहेत का. हाच प्रश्न मघाशी सिस्टरांनी विचारला होता. आईने दातओठ खाऊन तेच उत्तर पुन्हा दिलं, आणि तेवढ्यात आत कडी सरकल्याचा आवाज आला.

मंडळ कुटुंबाकडे लक्ष देत असताना कुटुंबातलं मूल आत गेलं होतं आणि दाराला आतून कडी लावून बसलं होतं.

आई दाराकडे धावली. पलंगाला लागून खिडकी होती. गज होते म्हणा, पण पलंगावरून पडायला खिडकी कशाला लागते? "चिमणे, कडी काढ राणी," तिने दार वाजवलं. आतून पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला.

"माझ्या पिशवीत गोळ्या आहेत हो रक्तदाबाच्या," सिस्टर पांढऱ्याफटक पडल्या.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"कोणी विचारलंच नाही."

बालवाडीच्या बाई दाराशी वाकून गाणं म्हणू लागल्या. साहेब तक्त्यावर बोट फिरवत होते. "मूल खोलीत आहे, म्हणजे बाई, हे तुमच्याकडे येतं."

"बालवाडीत असेल तर आमच्याकडे. घरातलं मूल तुमच्याकडे."

"साहेब, सुताराला फोन लावा," आई ओरडली.

"फोन आत आहे," साहेब म्हणाले.

तोच तो फोन वाजला. चिमणीचं बोट कुठे लागलं कोण जाणे, पण साहेबांना स्पीकरवर बोलायची सवय असल्यामुळे पलीकडचा आवाज दारातून खणखणीत बाहेर आला.

"साहेब, मी वाचाउपचार वर्गातून बोलतेय. किती वेळा फोन करायचा तुम्हाला? महिना झाला, सकाळची जागा रिकामी आहे. मूल पाठवताय की नाही?"

साहेबांनी तक्त्याची घडी घालायला घेतली.

आईने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा समाचार नंतर घ्यायचं ठरवून तिने दाराला तोंड लावलं. "बाई, ते मूल आत आहे. कडी लावून बसलंय. आणि गोळ्या आहेत आत."

"बरं," आवाज शांतपणे म्हणाला. "बाळ, मी टेबल वाजवते. टक. टक. तू दार वाजव बघू."

पिशवी खाली पडली. पावलं दाराशी आली. टक. टक.

"अरे वा. आता ती कडी बोलते का बघ. तिला ओढ."

कडी सरकली. दार उघडलं. एका हातात फोन, दुसऱ्यात गोळ्यांचं न उघडलेलं पाकीट घेऊन चिमणी उभी होती. तिने कडीकडे पाहिलं आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "टक."

आईने गोळ्या काढून घेतल्या आणि तिला उचलून घट्ट धरलं. तिला हुंदका फुटणार होता, पण साहेब आधी बोलले.

"बघा, संयुक्त बैठकीचं पहिलंच यश. मूल बोललं. आता वर्गाची तितकीशी निकड राहिली नाही. जागेचं काय ते पुढच्या बैठकीत एकमताने ठरवू." चिमणीच्या हातातला फोन काढून त्यांनी खिशात घातला आणि ते पिशवी आणायला आत वळले.

आई त्यांना आडवी आली. तिने दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली, काकूंची खुर्ची दारासमोर ओढली आणि चिमणीला मांडीवर घेऊन तीत बसली.

"माझी पिशवी," सिस्टर म्हणाल्या.

"घराची किल्ली आहे हो माझी आत," बालवाडीच्या बाई म्हणाल्या.

"असू दे की. वर्गाला कळवायला फोन आहे साहेबांच्या खिशात. बसा निवांत, खुर्च्या मांडल्याच आहेत. चिमणी उद्या सकाळपासून वर्गाला जाणार, यावर तुमचं एकमत झालं की पिशव्या मिळतील."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चिमणीने आईच्या खांद्यावरून हात लांबवून कडीवर बोट आपटलं.

"टक," ती म्हणाली.