एका थेंबाची अट

रिटायर झाल्यावर पोस्टमास्तरांनी एक अगदी लहानसा निर्णय घेतला. वडिलांच्या जुन्या गाडीचं इंजिन घरीच उघडायचं, आणि तिचं ऑइल गळणं कायमचं बंद करायचं. (उघडायला अक्कल लागत नाही, ती परत जोडायला लागते, असं त्यांची बायको म्हणाली. पण बायकांना यंत्रातलं काय कळतं!)

तिने पोर्चमध्ये नुकतीच पांढरीशुभ्र फरशी घालून घेतली होती. "या फरशीवर ऑइलचा एक थेंब जरी पडला ना, तर गाडी भंगारात! मी भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय."

पोस्टमास्तर हबकले. याच गाडीत वडिलांच्या मांडीवर बसून त्यांनी पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं होतं. गाडी गेली तर वडील दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल, हे त्यांना सांगायचं होतं. तोंडातून फक्त "बरं" एवढंच निघालं.

मग त्यांनी जीव ओतून काम केलं. सगळे जोड घासूनपुसून लख्ख केले, नवी पॅकिंग बसवली, चिकट सीलंट लावलं, बोल्ट एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. इथवर अगदी पुस्तकाबरहुकूम. पण जन्म गेला पाकिटं चिकटवण्यात. उघडं तोंड दिसलं की हात शिवशिवायचे. जित्याची खोड!

इंजिनाच्या झाकणातून निघालेली एक नळी खाली तोंड करून उघडीच होती.

"अहो, ही कुठे जोडायची?"

"कुठेच नाही. बनवणारे बंद करायला विसरलेत."

"एवढी गाडी बनवणारे विसरले आणि ते तुमच्या लक्षात आलं?"

"अगं, अनुभव असतो एकेकाचा!" म्हणत त्यांनी नळीत लाकडी बूच ठोकलं, उरलेलं सीलंट वर थापलं आणि सुतळीने पार्सलची गाठ मारली.

चाचणीसाठी बायकोला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. गाडीखाली खबरदारी म्हणून स्वयंपाकघरातली परात सरकवली. (हे तिला सांगितलं नाही.)

"आता अ‍ॅक्सिलेटर दाब. आणि घाबरून पाय काढू नकोस. मी काहीही ओरडलो तरी!"

इंजिन सुरू झालं. पोस्टमास्तर टॉर्च घेऊन बॉनेटखाली वाकले. कुठे थेंब नाही, ओल नाही. "अजून जोरात!"

तेवढ्यात ऑइल मोजायची पट्टी आपोआप वर आली. त्यांनी बोटाने खाली दाबली. ती पुन्हा वर आली. त्यांनी पुन्हा दाबली. (शहाणा माणूस इथे बाजूला झाला असता.) तिसऱ्या खेपेला पट्टी कानाजवळून सुटली आणि मागोमाग ऑइल थेट तोंडावर!

"बंद कर! अगं, बंद!"

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच बायकोने त्यांचा शब्द तंतोतंत पाळला. तिने आणखी जोरात दाबलं.

तोंडात ऑइल गेल्यावर पोस्टमास्तर गप्प झाले. नवरा गप्प बसला म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे ओळखून तिने इंजिन बंद केलं आणि पुढे येऊन पाहिलं.

"कोण हवंय तुम्हाला?"

"मीच आहे गं."

तिने बूच मारलेल्या नळीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आतली हवा बाहेर पडायला ठेवलेली वाट होती ती! कुकरची शिट्टी दाबून धरतं का कुणी?"

मग ती टॉर्च घेऊन खाली वाकली. सगळं ऑइल पोस्टमास्तरांच्या चष्म्याने, मिशांनी आणि शर्टाने झेललं होतं. फरशी कोरडी. परातही कोरडी.

"माझी परात!" ती ओरडली. मग फरशीवरून बोट फिरवून म्हणाली, "बरं. अट म्हणजे अट. गाडी राहील."

पोस्टमास्तरांना भरून आलं. ते तिच्याकडे धावणार, तोच ती किंचाळली, "जागचे हलू नका!"

तिने परात ओढून त्यांच्या पायाशी सरकवली.

"आधी यात उभे राहा. गाडी नाही गळत, तुम्ही गळताय. आणि भंगारवाल्याला मी अजून नको म्हटलेलं नाही."