उसना हात

"हात नीट टेबलावर ठेवा आणि फोन जरा मागे घ्या. मला हात आणि आकडा, दोन्ही दिसले पाहिजेत," बायको फोनमधून म्हणाली.

हात टेबलावर नीटच होता. फक्त तो तिच्या नवऱ्याचा नव्हता.

नवरा बसचा ड्रायव्हर. डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत तो फोन धरून उभा होता, आणि रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा उजव्या दंडाला गुंडाळून बसला होता त्याचा कंडक्टर. अंगावर मांस म्हणून नाही, त्यामुळे सगळा डेपो त्याला काडी म्हणायचा.

डेपोच्या डॉक्टरांनी ड्रायव्हरला बजावलं होतं, "आधी मीठ कमी करून बघू. महिनाअखेरीला दाब उतरलेला दिसला नाही, तर गाडी बंद. चौकशीच्या खिडकीत बसायचं." उभा जन्म ज्यानं मोठं चाक फिरवलं, त्यानं आता "मागची गाडी गेली का हो?" याला उत्तरं देत बसायचं! बायकोनं त्याच दिवशी घरातलं मीठ कपाटात कुलूपबंद केलं. ड्रायव्हरनं त्याच दिवशी शेवटच्या थांब्यावरच्या दुकानातून खाऱ्या शेंगदाण्यांच्या पुड्या घ्यायला सुरुवात केली. आणि आता ही रोजची फोनवरची हजेरी. शेंगदाणे खाऊन स्वतःचा हात पुढे करायची त्याची छाती नव्हती.

"काड्या, तुझ्यात दाबायला आहेच काय? बस खाली," एवढ्या शास्त्रीय आधारावर त्यानं हात उसना घेतला होता.

यंत्र फुगलं, गुरगुरलं आणि थांबलं. आकडा पाहून काडीनं आ वासला. डॉक्टरांना दिसला होता, त्यापेक्षाही वरचा!

"अग्गोबाई!" फोन ओरडला. "अहो, तुम्ही खाताय तरी काय?"

"काही नाही गं," ड्रायव्हर म्हणाला. ही चूक आपली नाही, हे सांगायची सोय नव्हती.

फोन बंद झाल्यावर काडी रडवेला झाला. "दादा, मी एवढा बारीक, मला कसा काय दाब?"

"काय खातोस दिवसभर?"

"काय खाणार? चिप्स. फरसाण. घरी भातावर वरून मीठ. पण अंगाला लागतं कुठं?"

"अंगाला नाही लागत, यंत्राला लागतंय! जा, डॉक्टरांना दाखव."

"नको. गोळ्या मागे लागतात."

दुसऱ्या दिवशी स्वतःचा हात द्यावा, असं ड्रायव्हरच्या मनात येऊन गेलं. पण आकडा एका रात्रीत इतका घसरला तर बायकोला वास लागणार. खोटं एकदा बोललं की ते निगुतीनं सांभाळावं लागतं. थोडक्यात, आता हाच हात हळूहळू खाली उतरवणं भाग होतं.

आणि मग ड्रायव्हर काडीच्या मागे हात धुऊन लागला. तिकिटाच्या पिशवीतून चिप्सचं पाकीट कुरकुरलं की आरशातून दरडावायचा, "ठेव ते! मला बायकोला तोंड दाखवायचंय!" गाडीतल्या प्रवाशांना या वाक्याचा अर्थ लागत नसे. पण सगळे आपापला खाऊ गुपचूप पिशवीत टाकत.

काडीसमोर शेंगदाणे खायची मात्र पंचाईत झाली. "मला बंदी आणि तुम्ही चरणार?" असं तो तोंडावर म्हणाला. पुड्या बंद झाल्या. उरला बायकोचा डबा. दोघं त्यातलीच लिंबू पिळलेली भाजी, डाळ, भात आणि काकडी खाऊ लागले. पहिले काही दिवस दोघांचे चेहरे तिरडी उचलल्यासारखे होते. मग एका दुपारी काडी म्हणाला, "दादा, आज वहिनींचा हात चुकला. भाजी खारट आहे." ड्रायव्हरनं चाखली. खरंच खारट लागली. जिभा सुधारल्या होत्या. आणि एवढ्या एका डब्यात दोघांची पोटं भरतात कशी, हा प्रश्न मात्र भरल्या पोटी कुणालाच पडला नाही.

फोनवरचा आकडा उतरत चालला. "शाब्बास!" बायको म्हणायची, आणि काडीचा हात लाजायचा.

तपासणीच्या दिवशी ड्रायव्हरनं त्या महिन्यात प्रथमच स्वतःचा दंड पुढे केला. यंत्र फुगलं, गुरगुरलं. डॉक्टरांनी पुन्हा एकदा मोजलं आणि पाठीवर थाप मारली. "पास! चालवा गाडी!"

ड्रायव्हरनं खुर्चीतल्या खुर्चीत एक मोठं वळण घेतलं. हॉर्नही तोंडानंच वाजवला.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "तो दुसरा हात कुठाय?"

"कुठला दुसरा?"

"तुमच्या घरून फोन आला होता. त्याचीही वेळ घेऊन ठेवलीय."

ड्रायव्हरनं बाहेर येऊन घरी फोन लावला. "तुला कसं कळलं?"

"अहो, इतकी वर्षं खिडकीत टेकवून तुमचा उजवा हात कोपरापासून तव्यासारखा काळा झालाय. त्या दिवशी समोर आली गोरीपान काडी! मी काय आंधळी आहे?"

"मग पहिल्याच दिवशी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही ते खिशातले शेंगदाणे सोडले असते?" ती म्हणाली. "त्या बिचाऱ्याला आत पाठवा आधी. आणि डब्यातले चमचेही घेऊन या, दोघांसाठी रोज दोन देते, परत एकच येतो."