भर समुद्रात अपॉइंटमेंट

सत्तावीस वर्षं घर चालवलेल्या बाईला दातांचा दवाखाना म्हणजे किस झाड की पत्ती! नोकरी लागली त्या संध्याकाळीच मी जाहीर करून टाकलं, "फोन उचलायचा, वेळ द्यायची, हसून 'बसा' म्हणायचं. त्यात काय मोठंसं?"

"हसून?" यजमानांनी पेपरातून डोकं वर काढलं. "जमेल?"

जमलं की! पहिले दहा दिवस मी नुसते गाजवले. दवाखान्यात आम्ही दोघंच. आत डॉक्टर, बाहेरच्या टेबलाशी मी. डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाचे आणि इतके भिडस्त, की दाढ उपटण्याआधी दाढेचीही परवानगी घेतील!

अकराव्या दिवशी लेकीचा फोन आला. "आई, बॅग भरलीस ना? सोमवारी बोट!"

मी कपाळावर हात मारून घेतला. सगळ्या कुटुंबाची आठवडाभराची समुद्रसफर! आठ महिन्यांपूर्वीच ठरलेली, आणि नोकरीच्या नादात मी साफ विसरलेली! अकरा दिवसांच्या नोकरीत आठवड्याची रजा मागायची तरी कोणत्या तोंडानं?

दुसऱ्या दिवशी धीर एकवटून आत गेले, तर डॉक्टरच चुळबुळत होते. "काकू, ते... पुढच्या आठवड्याचं जरा..."

झालं! यांना कुणकुण लागली, आता मला काढणार! मी त्यांचं वाक्यच तोडलं. "पुढच्या आठवड्याची काळजीच सोडा, डॉक्टर! मी सगळं बघते!"

"म्हणजे, तुम्हाला कळलंय?"

"न कळायला काय झालं!"

त्यांनी एवढा सुस्कारा सोडला, की ट्रेमधला कापूस उडाला. मीही सुटले. रजेचा शब्दसुद्धा काढावा लागला नाही! अपॉइंटमेंटी काय, फोनवरच द्यायच्या. टेबलामागून दिल्या काय नि समुद्रातून दिल्या काय! दवाखान्याचा मोबाइल मी गुपचूप पर्समध्ये टाकला.

बोटीवरच्या पोहण्याच्या तलावात सगळे डुंबत होते आणि मी आरामखुर्चीत वही घेऊन बसले होते.

"आई, पाण्यात या ना!" सुनेनं हाक मारली.

"थांब गं, एक अक्कलदाढ आहे!"

शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी हळहळून मला स्वतःची उशी दिली.

मंगळवार संध्याकाळपर्यंत मी बुधवारसाठी तेवीस पेशंट लावले. तेवीस! डॉक्टर खूश होऊन मला कायम करणार, अशी स्वप्नं बघत झोपले.

बुधवारी सकाळी मेसेज सुरू झाले. "दाराला कुलूप आहे."

"येतीलच डॉक्टर. बसा," मी लिहिलं.

"कुठे? जिन्यात?"

मग कुणीतरी फोटोच पाठवला. प्रत्येक पायरीवर एक माणूस, प्रत्येकाचा हात गालावर! तेवढ्यात डॉक्टरांचा फोन.

"काकू, अहो, जिन्यातून पेशंटचे फोन येताहेत मला! दवाखाना आठवडाभर बंद आहे! तुम्हीच म्हणालात ना, कळलंय म्हणून? मी इकडे परगावी बहिणीच्या लग्नात उभा आहे! प्लीज, तुम्ही जरा जिन्यात जाऊन त्यांना समजावता का?"

नेमका त्याच क्षणी बोटीनं भोंगा दिला. भोंगा कसला, हत्तींचा कळपच शिंकला!

"हा आवाज कसला?"

"ट्रक! रस्त्यावरून चाललाय."

लगेच लाउडस्पीकर गरजला, "प्रवाशांनो, डाव्या बाजूला डॉल्फिन दिसत आहेत!"

मग डॉक्टरांनी हळूच विचारलं, "काकू, ट्रकमधून डॉल्फिन?"

मी रडायलाच लागले. रजा, बोट, पर्समधला मोबाइल, सगळं भडाभडा ओकून टाकलं. "काढून टाका मला! माझी हरकत नाही!" हरकत होती. फार होती. या वयात मिळालेली खुर्ची होती ती!

पलीकडून विचित्र आवाज आला. मला वाटलं, तेही रडताहेत. पण डॉक्टर खदाखदा हसत होते! "काकू, माझ्या रजेचं तुम्हाला कसं सांगायचं, म्हणून मी चार दिवस आरशासमोर सराव करत होतो!"

सगळं घर कामाला लावून मी तेवीस जणांची माफी मागितली. सुजलेल्या गालाच्या एका गृहस्थांना लेकीनं जवळचा दुसरा डॉक्टर शोधून दिला. डॉल्फिन एकट्या यजमानांनी पाहिले.

नोकरी टिकली. फक्त परतले तेव्हा माझ्या टेबलासमोर नवी पाटी होती. 'सर्व कर्मचाऱ्यांनी रजा लेखी मागावी.'

सर्व कर्मचारी म्हणजे मीच!