रिकाम्या फाळक्याची मोहीम

श्री. तमाम चाकांचा आणि चाकांखालील सडकेचा जो धनी, त्यास वंदन करोन ही हकीकत लिहिली ऐसीजे. मालवाहतुकीच्या मुलुखात पूर्वी थोर थोर मोहिमा जाहल्या, त्यांत टायर फुटले, घाट तुंबले, ड्रायव्हर लोकांनी शर्थी केल्या. परंतु दोघां सख्ख्या भावांनी एकमेकांस विचारोन एक ट्रक हलवावा, ऐसी अवघड मोहीम आजवर कोणी मनातही आणिली नव्हती. ती काट्याच्या आत्यासाहेबांनी मनात आणिली आणि सिद्धीस नेली. चहाच्या गाड्यावर बसणारे रिकामटेकडे लोक याविषयी तोंडास येईल ते बोलतात, सबब खरे वर्तमान कागदी असावे म्हणोन हा खटाटोप. यात पदरचे थोडके, आणि जे आहे ते आत्यासाहेबांच्या बाजूचे.

मुलुखाची मांडणी ऐसी. एका टोकास फरशीचा कारखाना, दुसऱ्या टोकास बंदर, दरम्यान लांबलचक सडक, आणि सडकेच्या ऐन मध्यावर गाड्या तोलण्याचा वजनकाटा. कारखान्याची फरशी बंदरास जावी आणि फरशीस लागणारी पांढरी माती बंदरावरोन कारखान्यास यावी, हा नित्यक्रम. फरशी वाहण्याची सनद थोरल्या साहेबांची आणि माती वाहण्याची धाकट्या साहेबांची. दोघेही बारा-टायरी फौजेचे सरलष्कर, दोघेही एका आईच्या पोटचे, आणि दोघांत कित्येक वर्षे बोलणे बंद. थोरल्यांची गाडी फरशी टाकोन बंदराहून रिकामी परते, आणि धाकट्यांची गाडी माती टाकोन कारखान्याहून रिकामी परते, आणि मग दोन्ही रिकाम्या गाड्या सडकेवर समोरासमोर येत, तेव्हा ड्रायव्हर लोक एकमेकांस हात करीत आणि मालक आतल्या आत डिझेलचा धूर गिळीत. फाळका, म्हणजे गाडीची मागली फळी, माल असता मुका राहतो आणि रिकामपणी धाडधाड वाजतो. तो वाजे, आणि सडकेकाठची पोरेबाळे दचकोन उठत.

वैराचे मूळ शोधू जाता फार खोल जावे लागत नाही. वडिलांचे पश्चात गाड्यांची वाटणी सुरळीत जाहली होती. मग एके दिवशी काट्यावर, चार लोकांदेखत, थोरल्यांनी धाकट्यांच्या ताडपत्रीची दोरी सहज ओढोन पाहिली, आणि गाठ सुटली, आणि थोरले हसले. धाकट्यांचे म्हणणे, गाठ सुटली नाही, सोडविली. थोरल्यांचे म्हणणे, जी ओढल्याने सुटते तीस गाठ म्हणत नाहीत. राईचा पर्वत जाहला, आणि त्या पर्वतास वळसा घालोन घालोन सर्वांचे पाय दुखले, परंतु उतरावयास कोणी राजी नाही.

आत्यासाहेब म्हणजे थोरल्या-धाकट्यांच्या वडिलांच्या पाठची बहीण. दोघांची आई लवकर गेली, तेव्हा दोघांस यांनीच वाढविले. एकाचे नाक पुसावे, तोवर दुसऱ्याने चपला चिखलात घालाव्या. पतीचे माघारी त्यांच्या पदरी तीन जुन्या गाड्या उरल्या आणि काट्याशेजारची एक खोली. खोलीत एक टेबल, मर्जी असेल तेव्हा फिरणारा पंखा, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक हातांची खुर्ची, तीच गादी. दोघां पुतण्यांच्या मालातील जे उरेल ते वाहावे आणि सुखाने राहावे, ऐसा बेत होता. सुख कसले? थोरल्यांचा फोन येई, "आत्या, त्याला सांग, त्याची गाडी माझ्या गेटसमोर उभी आहे." लागलीच धाकट्यांचा, "आत्या, त्याला सांग, गेट काय सडकेवर बांधतात का?" येणेप्रमाणे आत्यासाहेब दोन दरबारांमधील वकील, जासूद आणि टपाल, तिन्ही एकट्या जाहल्या होत्या, आणि फोनमुळे त्यांच्या कानास कायमची ऊब लागली होती.

ऐशात कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांचा खलिता मोबाइलवर थडकला. मजकूर ऐसा, की एक खेप माती आणि एक खेप फरशी यांकरिता आम्ही चार फेऱ्यांचा खर्च सोसतो, त्यांत दोन फेऱ्या निव्वळ हवेची वाहतूक होते. उपरांत दोघां भावांनी एकमेकांस विचारोन गाड्या लावाव्या, गाडीने जाता आपला आणि येता दुसऱ्याचा माल आणावा, रिकामा फाळका सडकेवर वाजू नये. सोमवारी आम्ही खासे काट्यावर बसोन पाहू. न जमल्यास दोन्ही सनदा बाहेरच्या बड्या कंपनीस देऊ. त्या कंपनीत कोणती गाडी कोठे जावी हे कॉम्प्युटर सांगतो, आणि तेथे कोणतीही गाडी कोणाच्या भावाची नसते.

हे वाचोन आत्यासाहेबांनी मनाशी हिशेब मांडिला. पुतणे धट्टेकट्टे, काम गेले तर दुसरे शोधतील. आपल्या तीन गाड्या मात्र ऐशा, की एकीचा दरवाजा आतून सुतळीने बांधावा लागतो, दुसरी उतारावरच सुरू होते, आणि तिसरीविषयी न बोललेले बरे. त्या आधी भंगारात जाणार. मग पुतण्याच्या दारी जाऊन राहावे, तर कोणाच्या? एकाच्या उंबऱ्यात पाऊल टाकले की दुसरा तुटला. म्हणोन त्यांनी जाणले, की हे दोघे बोलले तर आपण तरलो, नाही तर आपले दोन्ही किनारे गेले.

मग त्यांनी दोघांस मसलतीस बोलाविले. खाशी खुर्ची कोणास, या प्रश्नावर दोघेही उंबऱ्याशी अडखळले, आणि आत्यासाहेब स्वतःच तीत बसोन मोकळ्या जाहल्या. दोन्ही सरलष्कर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, एकाचे तोंड भिंतीकडे, एकाचे पंख्याकडे. पंखा त्या दिवशी मर्जीत नव्हता. बोलणे सर्व आत्यासाहेबांमार्फत चालले, आणि खोली इतकी लहान, की निरोप पोचण्याआधीच ऐकू येई. तरी रीत म्हणोन त्यांनी प्रत्येक वाक्य इकडून तिकडे पोचविले. अखेरीस तह ठरला: थोरल्यांच्या गाडीने परतीस माती आणावी, धाकट्यांच्या गाडीने परतीस फरशी न्यावी, आणि दोरी ज्याने त्याने आपली आपण बांधावी, तीस दुसऱ्याने हात लावू नये. दोघांनी मान हालविली, आपापल्या भिंतीकडे व पंख्याकडे पाहोन.

तह होतो, परंतु घरी जाऊन सरदार विचार करतात, हाच तहाचा दोष. थोरल्यांच्या मनात आले, की आपली फरशी त्याच्या गाडीतून गेली म्हणजे जन्माचे मिंधे जाहलो. तर आधी आपण त्याची माती आणोन उपकार चढवावा, मग बघू. आणि आणावी तर ऐसी, की फरशीची कपची मातीत सापडली म्हणावयास जागा नको; सबब आपला माल न भरता, गाडी झाडोन पुसोन, रिकामीच बंदराकडे काढावी. आता ईश्वराचे कौतुक पाहा. त्याच वेळी धाकट्यांच्याही मनात नेमके हेच आले, कारण दोघांस एकाच बाईने वाढविले होते. त्यांनीही गाडी पाण्याने धुतली, माती जागची जागी ठेविली, आणि रिकामी गाडी घेवोन भावाची फरशी आणावयास कारखान्याकडे कूच केले.

सोमवारी मॅनेजरसाहेब काट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत चहा घेत बसले. पूर्वेकडोन धाडधाड आवाज आला. आत्यासाहेबांनी कपाळास हात लाविला. तोच पश्चिमेकडोनही आवाज आला, पहिल्याहून मोठा. मग त्या पदर खोचोन सडकेच्या मध्यभागी हात पसरोन उभ्या राहिल्या, आणि दोन्ही बारा-टायरी गाड्या त्यांच्या दोन बाजूंस कचकन थांबल्या. दोहोंच्या केबिनीत खासे सरलष्कर.

"अरे, फरशी कुठाय तुझी?" आत्यासाहेबांनी विचारिले.

"आत्या, त्याला सांग, आधी मी त्याची माती आणणार. मला नकोत कुणाचे उपकार."

"आणि तू रे? माती?"

"आत्या, त्याला सांग, गाडी धुऊन आणलीय मी. फरशीला डाग पडला तर पुन्हा चार लोकांत हसायला मोकळा."

मॅनेजरसाहेबांनी कप खाली ठेविला. "कालपर्यंत गाड्या परतताना रिकाम्या होत्या," ते म्हणाले, "आज जातानाच रिकाम्या आहेत. सुधारणा आहे."

ऐसे म्हणोन ते उठले. आत्यासाहेब खोलीत गेल्या, खिळ्यावरील तिन्ही गाड्यांच्या चाव्या काढोन आणिल्या आणि मॅनेजरसाहेबांच्या हाती दिल्या. अर्जी ऐसी केली, की एक दिवसाची मुदत द्यावी, उद्या फाळका वाजला तर या चाव्या मी परत मागणार नाही. मॅनेजरसाहेब झाले तरी कोणाचे तरी भाचे-पुतणे होतेच. त्यांनी चाव्या खिशात घातल्या आणि मुदत दिली.

मग आत्यासाहेब पुतण्यांकडे वळल्या, आणि जे बोलल्या ते बखरीच्या भाषेत बसत नाही, सबब जसेच्या तसे.

"उपकार, उपकार काय लावलंय रे? एका ताटात जेवत होतात तेव्हा कोण कुणाचे घास मोजत होतं? ऐका. उद्यापासून माती माझी आणि फरशीपण माझी. तुम्ही एकमेकांचं काही वाहत नाही, आत्याचं वाहताय. फेडायचेच असतील तर माझे फेडा, ढीगभर आहेत. आणि ते 'त्याला सांग' आजपासून बंद. मी मेल्यावर कुणाला सांगाल? काट्याला?"

थोरले स्वच्छ काच पुन्हा पुसू लागले. धाकट्यांनी उतरोन टायरास लाथ मारोन पाहिली. मग दोघेही माघारी फिरले.

मंगळवारी थोरल्यांची गाडी फरशी घेवोन बंदरास गेली, धाकट्यांची माती घेवोन कारखान्यास गेली, दोन्ही काट्यावरोन जडशीळ आणि मुकाट गेल्या. मॅनेजरसाहेब खुर्चीत. आता परतीची लढाई. तोच थोरल्यांचा फोन बंदराहून आला, आवाजात घाबरगुंडी.

"आत्या, कारखान्यातून फोन आलाय, भट्टी उशिरा उघडलीय. फरशी अजून गरम आहे, भरता येत नाही. त्याचा ड्रायव्हर म्हणतो, आमच्या साहेबांचा फोन आल्याशिवाय थांबणार नाही, रिकामा निघतो. आत्या, त्याला सांग..."

आत्यासाहेबांनी मॅनेजरसाहेबांच्या खिशाकडे पाहिले. तेथे चाव्यांचा फुगवटा दिसत होता. एक फोन करावा, एक वाक्य बोलावे, की गाडी थांबते, चाव्या परत येतात. आजवर ऐसी किती वाक्ये पोचविली. जीभ शिवशिवली. परंतु त्यांनी जाणले, की हे वाक्य आज आपण पोचविले तर उद्याचेही आपणच, परवाचेही आपणच.

"तूच सांग," म्हणाल्या, आणि फोन ठेवोन दिला. मग त्यांनी पुसलेले टेबल पुन्हा पुसावयास घेतले.

बंदराकडोन थोरल्यांची गाडी माती भरोन आली आणि आवाज न करिता गेली. कारखान्याकडोन कोणी येईना. मॅनेजरसाहेबांनी घड्याळ पाहिले, चहा मागविला, तोही संपविला. आत्यासाहेब दारात उभ्या, कान सडकेस लावोन. उन्हे कलती जाहली तेव्हा वळणावर धाकट्यांची गाडी दिसली. ती जवळ आली. फाळका मुका होता. ताडपत्री फुगलेली, खाली फरशीच्या पेट्या, काट्यावर चढली तेव्हा काटा करकरला, आणि तो करकराट आत्यासाहेबांस सनई-चौघड्याहून गोड लागला. मॅनेजरसाहेबांनी उठोन चाव्या टेबलावर ठेविल्या, आणि दोन्ही सनदा कायम, वर आत्यासाहेबांच्या तीन गाड्यांस कारखान्याच्या आवारातील काम, ऐसा हुकूम फर्माविला.

ही खबर द्यावी म्हणोन आत्यासाहेबांनी थोरल्यांस फोन लाविला. आपण ज्यांच्याशी बोलू इच्छिता ते दुसऱ्या कॉलवर आहेत, ऐसे उत्तर आले. मग धाकट्यांस लाविला. तेही दुसऱ्या कॉलवर. त्यांनी मोबाइलकडे क्षणभर पाहिले, आणि पुन्हा थोरल्यांस लाविला, आणि पुन्हा धाकट्यांस. तेच. मॅनेजरसाहेबांनी पुसले, की बाई, रडता का? त्या म्हणाल्या, माती गेली डोळ्यात.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. गनिमाची एक गाडी मुलुखात आली नाही, आपली एक गाडी रिकामी गेली नाही, आणि आत्यासाहेब आपल्या खाशा खुर्चीत दिवेलागणीपर्यंत बसल्या असता त्यांस कोणाचाही फोन आला नाही. जाणिजे.